नवा जाच, ऐकण्यासारखा

३ फेब्रुवारी २०१९, रविवार

जाच. हाच शब्द ऐकला मी. माझी नात अपेक्षा गॅलरीत उभी राहून मैत्रिणीशी, मिसबाशी, फोनवर बोलत होती. "या महिन्यात जाच खूप आलाय गं नवीन. सोल पण आहे. ऐकण्यासारखं आहे."

जाच, आणि वर सोल? पोरीला सोलून काढतात की काय? लग्नाला वर्षसुद्धा झालं नाही. वाघोलीला सासर, खराडीला कॉम्प्युटरची नोकरी. दर रविवारी इकडे बिबवेवाडीला येते, जेवते, हसते, जाते.

लिही रे फोनबाबा. बटण दाबून बोलायचं, की तू लिहितोस — अपेक्षानेच शिकवलं. मला अक्षर वाचता येत नाही, तुला माणूस वाचता येत नाही. जोडी जमली.

४ फेब्रुवारी

महिपतीला सांगितलं. माझा मुलगा, अपेक्षाचा बाप. म्हणाला, "आई, तुला हल्ली कमी ऐकू येतं."

मला कमी येतं. त्याला पहिल्यापासून येतच नाही.

६ फेब्रुवारी

गवार मोडली. एका शेंगेला विचारू, एका शेंगेला नको.

१० फेब्रुवारी, रविवार

विचारलं! जेवताना, सरळच. "अपेक्षा, सासरी जाच आहे का गं तुला?"

पोळीचा तुकडा हातातच राहिला. "कोण म्हणालं?"

"तूच. मिसबाला सांगत होतीस."

मग जी हसली, ठसकाच लागला. "आजी, जॅझ गं! गाणं-वाजवणं असतं ते, परदेशातलं." सोल म्हणजे तिकडे आत्मा म्हणे. घ्या. मी साल काढत बसले, निघाला आत्मा. या दोघी दर महिन्याला नव्या रेकॉर्डी ऐकतात आणि कुठली ऐकावी, कुठली नको, ते इंटरनेटवर सांगतात. लोक ऐकतातही. लोकांना उद्योग नाहीत.

एक वायर माझ्या कानात, एक तिच्या. पहिल्यांदा जॅझ. पाच जण एकाच वेळी बोलतात, मधेच एकाला पुढे करतात, आणि कोणी कोणावर चिडत नाही. असं घर मी पाहिलेलं नाही.

मग सोल. एक बाई गात होती. जोर नाही, घाई नाही.

"काय म्हणते ही?"

"म्हणते, माझं बरं चाललंय, तू दार ओढून घे."

"बरं चाललेल्याचा आवाज असा नसतो," मी म्हटलं.

अपेक्षा वायर गुंडाळायला लागली. घरी कधी ऐकतेस, विचारलं. "सारखीच, आजी. कानात घातलं की घरातलं काही ऐकू येत नाही." हसतच म्हणाली.

महिपती मला म्हणाला, "बघ. सांगितलं होतं ना."

१२ फेब्रुवारी

महिपतीने सोसायटीभर केलं. खालच्या मजल्यावरच्या रझियाबी जिन्यात विचारतात, "काय आजी, आज कुठला जाच ऐकलात?" मी म्हटलं, "तुमचाच." दोघी हसलो.

पण काही जुळत नाही. काही नसतं तर माणूस आधी "नाही" म्हणतो. तिने "कोण म्हणालं" विचारलं. हसू त्याच्या नंतरचं.

की माझंच डोकं चळलंय? कळत नाही.

१७ फेब्रुवारी, रविवार

आली नाही. फोनवर म्हणाली, "काम आहे, आजी. माझं बरं चाललंय."

त्या बाईच्याच आवाजात.

२० फेब्रुवारी, बुधवार

आज रविवार नाही, तरी अपेक्षा आली. मोठी बॅग घेऊन. कान मोकळे.

महिपतीने विचारलं, "काय झालं, बाळा?" तिने एकच शब्द सांगितला. गाण्यातला नव्हता.

तो माझ्याकडे वळला. "आई, काय म्हणाली ही?"

म्हटलं, "या वेळी तुलाही ऐकू आलंय."