कळण्याच्या भाकरीतलं काळं

माय, परवा धुळ्याहून तुझ्या धाकट्याच्या बायकोचा फोन आला. तू तिला पाहिलं नाहीस. तू गेल्यावर सात वर्षांनी ती आपल्या घरात आली. तिला पाचवा महिना आहे. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती हळूच म्हणाली, "अक्का, मला माहेरून नॉनस्टिकचा तवा आलाय. वापरू ना? नाही म्हणजे, तुमच्या वेळी आईंच्या हातून काहीतरी झालं होतं म्हणतात." मी म्हटलं, लोखंडी वापर. आणि फोन ठेवला. तेव्हापासून मन लागत नाही.

तेव्हा आम्ही पिंप्राळ्यात दोन खोल्यांत राहत होतो. तसला नॉनस्टिकचा तवा ह्यांनी मुंबईहून आणला होता, आमच्या गल्लीतला पहिलाच. मी तोऱ्यात जुना लोखंडी तवा कामवालीला देऊन टाकला. मला दिवस गेले, उलट्या थांबेनात, म्हणून तू साक्रीकडून एसटीने आलीस. पिशवीत कळण्याचं पीठ होतं आणि एका डब्यात चुलीतली राख, कारण आमच्याकडची साबणाने घासलेली भांडी तुला ओशट लागायची. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून पाहते तर तू मोरीत बसली आहेस, हातात नारळाची शेंडी, आणि तवा मधोमध पांढरा पडलाय. "कितला महिनानी काजळी शे वं याले!" तू म्हणालीस. "आते देख, कसा चमकस!" मी कपाळाला हात लावला. हे दारातून म्हणाले, "मामी, तव्याची पार हजामत केली की तुम्ही!" तू पदर तोंडाला लावून हसलीस. तुला ते कौतुकच वाटलं. मीही हसले. दुसरा तवा घरात नव्हता, म्हणून आठ दिवस तू त्याच्यावरच भाकरी केलीस. मला तेवढंच पचत होतं, कळण्याची भाकरी आणि वर तेल-तिखट.

मग एक दिवस शेजारच्या मारवाडी काकू आल्या. तवा पाहून त्या उभ्याच राहिल्या. "अगं, हे काळं निघून पोटात गेलं तर बाळाला बाधतं. पेपरात आलं होतं." त्या गेल्या आणि मी समोरची भाकरी खिडकीपाशी नेली. कळण्यात ज्वारीबरोबर अख्खे उडीद सालासकट दळलेले असतात, काळे ठिपके त्या भाकरीत असायचेच. पण कोणता ठिपका उडदाचा आणि कोणता तव्याचा? मी नखाने एकेक काढत बसले. तू समोर बसून बघत होतीस. "ते उडीद शे. बठ्ठं उडीद शे," असं सगळ्याच ठिपक्यांना म्हणत होतीस आणि तुझा आवाज बसत चालला होता. संध्याकाळी तू एकटीच बाजारात गेलीस आणि लोखंडी तवा घेऊन आलीस.

सातव्या महिन्यात पोटातली हालचाल थांबली. मुलगी होती. दवाखान्यात तू माझ्या पायाशी बसून एकदाच विचारलंस, "मन्हा हातथीन व्हयनं का वं?" मी भिंतीकडे तोंड केलं. तू तेच उत्तर समजलीस. पुढे तू आमच्याकडे येत राहिलीस, माझ्या मुलाच्या बारशालाही आलीस, पण मोरीकडे कधी फिरकली नाहीस. जेवल्यावर स्वतःचं ताटसुद्धा उचलायची नाहीस. बायका म्हणायच्या, लेकीकडे येऊन म्हातारी पाहुणी झाली. ते मला आत ऐकू यायचं. घरात सगळ्यांनी तव्याचंच धरलं होतं आणि तू कोणाला नाही म्हणाली नाहीस. तशीच गेलीस.

माय, तू मला विचारलंस त्याच्या तासभर आधी डॉक्टर येऊन गेले होते. तू थर्मास घेऊन चहा आणायला खाली गेली होतीस. मी त्यांना तव्याचं विचारलं. ते म्हणाले, "नाळेला गाठ बसली होती. तव्याचा काही संबंध नाही." मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, जरा वैतागून. मग तू वर आलीस आणि मी तुझ्या हातून चहा घेतला. हे एवढंच तुला सांगायचं होतं. उद्या सांगू, असं म्हटलं, मग घरी गेल्यावर, मग पुढच्या खेपेला. कोणाच्या तरी हातून झालं असं धरलं की मला जरा बरं वाटायचं, आणि तुझे हात जवळ होते.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. जायलाच हवं तर ते धुळ्याला जायला हवं, तुझ्या सुनेकडे. तिला खरं सांगावं म्हणून मी सकाळी वहीतून नंबर काढला, आणि तो न लावता तुला लिहीत बसले.