पाटीत बोललेलं पाटीतच परत

ती. सुगंधाबाईस,

तुझ्या धाकट्या भावाचा, दिनेशचा दंडवत, तोही बसल्या जागेवरून. वाकण्याचं त्राण उरलेलं नाही, समजून घे. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींनी भर दुपारी चंद्रपूरच्या बाजारात उघड्या डोक्यानं फिरणं सोडलं की नाही? आम्ही इकडे ठीक. खरं तर फोनच केला असता, पण आमच्या या डोंगरावर रेंज मिळवायला पाण्याच्या टाकीवर चढावं लागतं आणि माझा तर आवाज बसलेला. टाकीवर चढून नुसताच मुका उभा राहिलो तर खालचे लोक भलताच अर्थ काढतील. म्हणून हे पत्र.

आवाज का बसला ते सांगतो, जरा लांबेल. दिवाळीनंतर एका संस्थेनं आमच्या शाळेला नववी-दहावीच्या गणितासाठी टॅबलेट दिले. त्याचं प्रशिक्षण चंद्रपूरला झालं. (तेव्हा तुझ्याकडे जेवायला आलो होतो आणि ताटावरच डुलक्या घेत होतो, तेच ते.) निशा मॅडम म्हणून एक तरुण बाई शिकवायला होत्या. त्यांचं म्हणणं असं की, वहीत नुसती लाल फुली मारून मुलाला काही कळत नाही, प्रत्येकाला त्याचं त्याचं चुकलेलं सांगितलं पाहिजे. म्हणजे मुलानं टॅबलेटवर गणित सोडवायचं. मग मास्तरनं त्याच गणितावर पेनानं खुणा करत बोलायचं. ॲप खुणाही साठवतं आणि बोलणंही, आणि मूल टॅबलेट घरी नेऊन हवं तितक्या वेळा ऐकतं. कल्पना चांगली आहे, बाई. फक्त ती पन्नाशी उलटलेल्या आणि घरी जाऊन पाठ टेकायची वाट पाहणाऱ्या माणसाला सुचलेली नाही.

वर्गात शिकवणं आणि हे, यात फार फरक आहे. वर्गात ‘काय रे हे’ म्हटलं की ते सगळ्यांत वाटलं जातं, कोणाच्याच वाट्याला फार येत नाही. एकट्याला म्हटलं की सगळं त्याच्याच ताटात पडतं. त्यामुळे प्रत्येक वाक्य तोलून बोलावं लागतं, आणि तेही काचेवर भूमितीची आकृती काढता काढता. (काचेवर माझं वर्तुळ रताळ्यासारखं येतं. मुलं ते ओळखतात आणि काही बोलत नाहीत, हे त्यांचे उपकार.) स्टाफरूममध्ये बोलायला बसलो तर आमच्या हेडमास्तरांचं खोकणं सगळ्या त्रिकोणांत शिरलं. म्हणून पोषण आहाराच्या खोलीत तांदळाच्या पोत्यावर बसायला लागलो. तिथं धुळीनं शिंका येतात. आचल नावाच्या नववीतल्या मुलीनं तर मला येऊन सांगितलं की सर, तुम्ही माझ्या बैजिक राशीवर शिंकले. शाळा सुटली की सगळे घरी जातात आणि मी पोत्यावर बसून एकेका मुलाच्या नावानं बोलत राहतो. बाहेरून जाणाऱ्यांना वाटतं मास्तर भ्रमला.

आता बुधरीचं सांगतो. ही दहावीतली मुलगी, डोंगराच्या पल्याडच्या गुड्यावरची. (गुडा म्हणजे इथली वस्ती, मोजकी घरं आणि सभोवती जंगल.) रोज पायी येते, शेवटच्या बाकावर बसते, तोंडातून अक्षर काढत नाही. समीकरणात वजा चिन्ह बरोबरच्या पलीकडे नेताना ती हटकून विसरते. जानेवारीत एका शनिवारी मी तिच्या वर्गसमीकरणावर बोललो, चिन्ह कुठं हरवलं ते गोल करून दाखवलं, आणि थकून टॅबलेट पोत्यावर ठेवला. लाल ठिपका दाबून बोलणं बंद करायचं असतं, ते राहिलं. तेवढ्यात आमचे विज्ञानाचे अश्विन सर आले आणि विचारू लागले, यंदा गणितात कोण कोण पास होऊन निघेल. मी म्हटलं, बाकीचे निघतील कसेबसे, त्या बुधरीचं काही खरं नाही, घरचे लग्न लावून मोकळे होतील. ते म्हणाले, खरं आहे. मग आम्ही चहाला गेलो. संध्याकाळी मुलगी येऊन टॅबलेट घेऊन गेली.

सोमवारी ती आली नाही, मंगळवारीही नाही. तिच्या वस्तीवरच्या एका पोरीकडून कळलं की बुधरी आत्याबरोबर तेलंगणात मिरची तोडायला जाणार आहे, गाडी ठरली आहे, कारण मास्तरनं सांगितलं तिचं काही खरं नाही. मी त्या पोरीला विचारलं, असं मी कधी सांगितलं? ती म्हणाली, आम्ही सगळ्यांनी ऐकलं ना, सर. रविवारी त्यांच्या अंगणात सगळा गुडा बसून गणित ऐकत होता. (माझं व्याख्यान एवढ्या माणसांनी शांतपणे ऐकल्याची ही पहिलीच वेळ.)

तसाच निघालो, बाई. मोटारसायकल काढली, नाल्यापर्यंत गेलो, पुढं ती जात नाही म्हणून चालत गेलो. वाटेत दोनदा बसलो. मनातल्या मनात भाषण तयार केलं, मशीनचा दोष, गैरसमज वगैरे. बुधरीचा बाप इस्तारी अंगणात मोहाच्या झाडाखाली दोर वळत होता. त्यानं मला खाट दिली, पाणी दिलं, आणि आतून टॅबलेट आणला. धुतलेल्या फडक्यात गुंडाळलेला. म्हणाला, मास्तर, तुमची पाटी वापस न्या, पोरगी जाऊन राह्यली. मी माझं भाषण सुरू केलं. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, मशीननं सोताहून तं काई बोललं नाई ना, आवाज तुमचाच हाये. चंदाबाई, म्हणजे बुधरीची आई, चुलीपाशी बसून माझ्याकडे पाहत होती.

मग बुधरी बाहेर आली. वर्गात जिचा आवाज मी ऐकलेला नव्हता ती खांबाला धरून उभी राहिली आणि म्हणाली, “सर, वजाचं चिन्ह कुठी गेलं ते तुमी गोल करून दाखवलं. मले ते समजलं. मी पुना पुना ऐकलं आन् पुढचे सगळे गणितं केले. पण तिचं काई खरं नाई, हे कुठी चुकलं ते तुमी दाखवलंच नाई. ते मी कुठून दुरुस्त करू?”

मी या पोरीला दोन वर्षं गणित शिकवतो आहे आणि इतका नेमका प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी टॅबलेट उघडून पाहिला. पुढची समीकरणं खरंच सोडवलेली होती, वजा चिन्हं जागच्या जागी. (एक उत्तर चुकलं होतं, ते वेगळ्या कारणानं. सवयीनं तेवढंच आधी दिसलं.) मी इस्तारीला म्हटलं, माझं चुकलं, मी शब्द मागे घेतो. तो म्हणाला, “असं नाई मास्तर. पाटीत बोलले, तं पाटीतच वापस घ्या. सगळ्यायनं ऐकलं हाये.”

तेव्हा त्या अंगणात, खाटेवर बसून, तोवर जमलेल्या सगळ्या गुड्यासमोर मी लाल ठिपका दाबला. मोठ्या आवाजात म्हटलं की बुधरीचं गणित मी तपासलं, तिनं स्वतःची चूक स्वतः सुधारली, आणि शनिवारी मी जे बोललो ते न तपासता बोललो. तिची आत्या म्हणाली, लग्नाचंही वापस घ्या. तेही घेतलं. एका म्हाताऱ्यानं मध्येच कोंबडं हाकललं, तेही त्यात आहे. मग इस्तारीनं ते सगळ्यांना पुन्हा ऐकवलं, दोर बाजूला ठेवला आणि लेकीला म्हणाला, “जाय उद्या शाळेत.” मिरचीची गाडी तिला न घेता गेली. चंदाबाईनं मला काळा चहा दिला.

गोष्ट इथं संपली असती तर मी तरलो असतो. पण बुधरी आता त्याच ॲपवर उलट माझ्यासाठी बोलून टॅबलेट आणून देते, की सर, ही पायरी तुम्ही गाळली, ही कशी आली ते सांगा. तिचं पाहून सगळा वर्ग तेच करतो. रोज शाळा सुटल्यावर मी पोत्यावर बसून पोरांच्या शंका ऐकतो आणि उत्तरं देतो, आणि आता लाल ठिपका बंद झाला की नाही ते तीनदा पाहून मगच जांभई देतो. घसा गेला तो असा. घरी गेलो की ही काही विचारते आणि मी नुसती मान हलवतो. तिला वाटतं मी रागावलो आहे. रागवायलाही थोडी ताकद लागते. या टॅबलेटनं माझं म्हातारपण अलीकडे ओढून आणलं एवढं खरं.

भाऊजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. तब्येतीला जप.

तुझा,
दिनेश

ता. क. : संस्थेचा निरोप आला आहे की हे टॅबलेट पंधरवड्यात परत नेऊन दुसऱ्या तालुक्याला देणार. म्हणजे दहावीच्या परीक्षेच्या ऐन तोंडावर. त्या निशा मॅडम तुझ्या सुनेच्या, प्रियाच्या, मावसबहीण लागतात असं परवाच कळलं. तेव्हा तू प्रियाला सांगून त्यांना जेवायला बोलाव, आणि निदान परीक्षा होईस्तोवर तरी टॅबलेट इथंच राहू दे म्हणून गळ घाल. त्यांच्यासाठी वांग्याची भाजी कर, तुझ्या हातची. माणूस नाही म्हणू शकत नाही.

ता. क. दुसरा : त्यांना हे पत्र दाखवायची वेळ आली तर फक्त वरचा ता. क. दाखव. आणि माझं नाव सांगू नको, एक गणिताचे मास्तर म्हण. प्रशिक्षणाच्या शेवटी त्यांनी मत विचारलं तेव्हा मी भर सभेत उभं राहून म्हटलं होतं की हे खेळणं महिनाभरात कपाटात जाईल. त्यांना वाटेल मी माघार घेतली. घेतलीच आहे, पण ते त्यांना एवढ्यात कळायचं कारण नाही.