मांडी ठोकून बसणारी अक्षरं

ती. वन्सं,

नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत ते विचारत नाही, कारण मग तुम्ही सांगाल. माझी तब्येत बरी. संध्याकाळी दाराची कडी वाजल्यासारखी वाटते, एवढं सोडलं तर घर ठीक आहे.

पत्र लिहायला कारण तुमचे चिरंजीव. वाचनालयात खिडकीजवळच्या बाकावर ह्यांच्या नावाची पितळी पट्टी लावायचं ठरलं. (त्याच बाकावर ह्यांच्या वर्तमानपत्रात डोकावून मी वाचायला शिकले. हे शिकवायचे नाहीत, पण पान उलटायच्या आधी माझ्याकडे बघून थांबायचे.) 'अक्षरांचं वळण मीच निवडणार' म्हणत चिरंजीव सरसावले, शिकलेत ना ते शास्त्र! त्यांनी निवडलेला टाइप पाहिला आणि मी धन्य झाले. एकेक अक्षर म्हणजे जेवण आटोपून मांडी ठोकून बसलेला व्याही. अंगाने आडवं, जाड रेघ आणि बारीक रेघ यांत फरक नावालाच, आणि टोकाटोकांना आडव्या पट्ट्या, जणू बूट न काढताच घरात शिरलंय. म्हणाले, "मामी, या पट्ट्यांना सेरिफ म्हणतात." म्हटलं, म्हणोत बापडे. त्यांच्या मते या टाइपला घाई नसते. नाजूक रेघच नाही, तेव्हा पितळ झिजलं तरी अक्षर तुटत नाही. म्हणून लहान मुलांची पुस्तकं, औषधाच्या बाटल्या आणि धोक्याच्या पाट्या यांना तो उत्तम. ह्यांचा आता कुणाला धोका?

त्यात मजकूर तुमचा: 'प्रेमळ पती, लाडका भाऊ, आदर्श नागरिक'. (आदर्श! वाचनालयाच्या वर्तमानपत्रातलं शब्दकोडं शाईने सोडवून ठेवणारा माणूस.) पट्टी बाकाच्या पाठीएवढीच. कोरणारा म्हणाला, या अक्षरांत एवढं सगळं हवं तर बाक भिंत फोडून बाहेर काढा. अक्षरं दाबायला चिरंजीव तयार नाहीत. त्यांचा तोडगा ऐका: ह्यांचं नाव आद्याक्षरांवर आणायचं आणि विशेषणं तशीच ठेवायची, कारण आईला वाईट वाटेल! म्हणजे माणूस आखडला आणि कौतुक पसरलं.

परवा नमुन्याचा कागद चिकट बाजू बाहेर करून त्यांनी बाकाला टेकवला आणि कात्री शोधायला गेले. आमचे ग्रंथपाल, पक्के ब्रह्मचारी, नेमके तिथेच टेकले. मग पाठीवर 'प्रेमळ पती' मिरवत रस्त्यापलीकडे चहाला. चहावाली मोठ्याने म्हणाली, "काय साहेब, गुपचूप उरकलंत होय?" मी दारात उभी होते. ह्यांच्यामागे पहिल्यांदाच पोट धरून हसले, आणि सवयीने शेजारी वळून पाहिलं.

असो. चिरंजीवांना माझा आशीर्वाद सांगा आणि अक्कलही.

तुमच्या भावाची बायको

ता. क. टाइप मात्र बदलू देऊ नका. ग्रंथपालांची पाठ मी दारातून वाचली, तीही चष्म्याशिवाय. विशेषणं तेवढी काढायला लावा, तुमचा 'लाडका भाऊ'सुद्धा. माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील. नाव पूर्ण हवं.

पुन्हा ता. क. नावाशेजारी थोडी जागा कोरी ठेवायला सांगा. पुढे कधीतरी माझं नाव तिथे येईल, याच अक्षरांत. त्या बाकावर मी कायम अंग चोरून बसले (वर्तमानपत्र उघडलं की हे दोन्ही कोपरं पसरायचे). आता जरा मांडी ठोकून बसेन म्हणते.