गनीचा बेस

१४ नोव्हेंबर २००८, शुक्रवार
संताप नुसता! इथे दुबईत, निखिलच्या जेएलटीमधल्या स्टुडिओत आमच्या जॅझ अल्बमचं रेकॉर्डिंग. काचेपलीकडे तो पियानोवर, अलीकडे मी गायला. शेजारी बेस गिटार घेऊन गनी, त्याच्याजवळ त्याची बायको हलिमा. ऐकलं तर कुठेतरी बेसूर! निखिल चाचरत म्हणाला, "शोभनाताई, बेस उतरलाय, नाहीतर... व्हॉइस."
व्हॉइस? लहानपणापासून गातेय मी! "तानपुरा होता माझ्याजवळ. बेसचं बघ," म्हटलं.
गनी वायर गुंडाळत राहिला. हलिमा माझ्याकडे बघतच राहिली.

१५ नोव्हेंबर
निखिलने गनीला काढलं. बेस आता तोच कीबोर्डवर वाजवणार. गनीची नोकरी या मंदीत आधीच गेलीय, महिन्याभरात व्हिसा खलास. परवाच म्हणाला होता, "ताई, चिपळूणला जाताना हातात माझ्या नावाचा अल्बम तरी असूदे." मी एका शब्दाने त्याची बाजू घेतली नाही. सुरात तडजोड नाही — अशी स्वतःची समजूत घातली.

२१ नोव्हेंबर
शारजाच्या ट्रॅफिक जॅममध्ये अडकले होते. गनीचा फोन आला. उचलला नाही.

५ डिसेंबर
बेस बदलला, तरी बेसूर! निखिलने माझा इलेक्ट्रॉनिक तानपुरा पियानोशी ताडून पाहिला. किंचित खाली! गणपतीत मंडळाच्या जुन्या हार्मोनियमशी जुळवायला मीच बटण फिरवलं होतं. तसंच राहिलं. ईश्वरी सोबत होती. "ममा, सो इट वॉज यू?"
नाचता येईना अंगण वाकडं! लेकीच्या नजरेला नजर देववेना.

६ डिसेंबर
गनीचा फोन बंद. घरी गेले तर कुलूप. वॉचमन म्हणाला, "वो लोग तो ईद के लिए इंडिया गये, मॅडम. अब नहीं आयेंगे." जिना उतरताना रडू आलं. लाज वाटते, दुसरं काही नाही. त्या दिवशी तो गप्प का बसला?

१२ डिसेंबर
निखिलने पहिलं रेकॉर्डिंग अगदी सुरुवातीपासून ऐकवलं. गाण्याआधीचं सगळं माइकने टिपलंय. माझा तानपुरा सुरू होतो. मग गनी, हळू आवाजात हलिमाला, "ताईंचा तानपुरा उतरलाय गं."
"मग सांगा ना त्यांना."
"नको. आता गायला बसल्यात, कशाला टोकायचं? मीच घेतो त्यांच्याशी जुळवून."
"आणि तुमचंच चुकलं म्हणाले तर?"
"ताई आहेत ना. बोलतील."
मग एकेक तार खाली आणल्याचा आवाज. मग मी, खणखणीत, "झालं का रे गनी? यल्ला, चल सुरू करू!"