पाखऱ्याच्या कोठ्यातली गाडी

५ ऑगस्ट २०२५, मंगळवार

उलाळ झाली! नाल्याच्या चढावर गाडीची पुढची चाकं हलकी पडली आणि स्टेअरिंग हातात नुसतं फिरायला लागलं. ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला, उतरले, चाकांमागे दगड लावले. सगळी तांदळाची पोती मी शेपटाकडेच रचली होती. ओढून ओढून पुढं, सीटच्या पाठीशी घेतली. मग चढली, गुमान.

सकाळी पोती भरताना सासरे ओट्यावरून म्हणालेच होते – "रंभा, उलाळ होईन." बैलगाडीत मागं वजन जास्त झालं की धुरा वर उचलतो, ती उलाळ. मी म्हटलं, मामाजी, ही काय बैलगाडी आहे? तर झाली. घरी सांगितलं नाही. पण मागून सायकलवर येणाऱ्या लहानूभाऊंनी शेजारधर्म पाळला असणार, कारण जेवताना मामाजी उगाच खोकत खोकत हसत होते.

८ ऑगस्ट, शुक्रवार

आज गटाची बैठक. गाडी आमच्या महिला बचत गटाची – विजेवर चालणारी, पुढं दोन माणसांची सीट, मागं लोखंडी डाला. गटाचा तांदूळ, भाजी चिमूरला पोचवायची, येताना किराणा आणायचा. चालवते मी. लायसन काढलं तेव्हा आरटीओतला माणूस दोनदा विचारत होता, "तुम्हीच का?"

अध्यक्ष नीलाबाईंनी पुन्हा सांगितलं. पोळ्यापर्यंत चावी रंभाकडे. पोळ्यानंतर ठरवू – रंभा की प्रफुल. प्रफुल त्यांचा भाचा. ट्रॅक्टर चालवतो, हात चांगला आहे, हे कबूल. वर म्हणाल्या, "ज्याच्या हातून गाडी बिघडन, त्याची चावी गेली. मंग मी माह्या भाच्यालेबी नाई पाह्यणार."

मला चावी हवी आहे. इथं कोणी वाचत नाही म्हणून सरळ लिहिते. लग्न होऊन आले तेव्हापासून मी कुणाच्या ना कुणाच्या मागं चालत आले. वावरात मामाजींच्या मागं, बाजारात नवऱ्याच्या मागं. या गाडीत मी पुढं बसते.

११ ऑगस्ट, सोमवार

लहानूभाऊंवर सूड उगवला, तोही न ठरवता. जंगलातल्या वळणावर ते रस्त्याच्या कडेला वाकून सात्या वेचत होते. पावसात या अळिंब्या निघाल्या की त्यांना जगाचं भान राहत नाही. माझ्या गाडीला आवाज नाही. मी अगदी जवळ येऊन थांबले तेव्हा त्यांनी मान वळवली आणि टोपलीसकट उडी मारली.

"थोडी खाकरत जाय ना बाई! मले वाटलं वाघच आला."

"वाघ हॉर्न वाजवतो का भाऊ?"

"तू तरी कुठी वाजवली?"

हे मात्र खरं. वळणावर हॉर्न द्यायचाच, असं शिकवताना सांगितलं होतं आणि मी विसरले. उद्यापासून प्रत्येक वळणावर. वाघ रस्त्यात असला तर त्यालाही कळू दे.

१४ ऑगस्ट, गुरुवार

मामाजी शेजारच्या गावच्या बाजाराला पायी निघाले. मी गाडी घेऊन तिकडेच. म्हटलं, बसा. म्हणाले, नाई. मग मीही गाडी त्यांच्या चालीनं चालवायला लागले. ते रस्त्याच्या कडेनं, मी बाजूला. पार शिवेपर्यंत आमची अशी वरात. मागून येणारे हसत पुढं जात होते.

"बसा ना मामाजी."

"जे खाते ना हागते, ते कायचं जनावर?"

"जनावर नाहीच ते."

"मंग पाखऱ्याच्या कोठ्यात काऊन बांधते?"

कोठा, म्हणजे बैलांचा गोठा, कोरडा आहे, सावलीत आहे, म्हणून गाडी तिथं लावते, तिथंच चार्जिंगचा प्लग बसवून घेतला. पण तिथं आमचा बैल पाखऱ्या बांधलेला असायचा. यंदाच्या उन्हाळ्यात तो गेला. जोडीचा चांद्या एकटा काय करणार, म्हणून मामाजींनी तो लेकीच्या घरी दिला. तेव्हापासून कोठ्याकडे पाठ करून बसतात. मला ते दिसतं, आणि वाईट वाटतं, आणि तरी गाडी तिथंच लावते.

१६ ऑगस्ट, शनिवार

सगळ्या वळणांवर हॉर्न. माकडं शिव्या देतात.

१९ ऑगस्ट, मंगळवार

चंद्रपूरहून दीपाली आली, शोरूमची मेकॅनिक. सहा महिन्यांची तपासणी होती. पोरगी चुणचुणीत. गाडीचं पुढचं झाकण उघडून एकेक दाखवलं – हे कनेक्शन, हा मेन स्विच, हे ब्रेकचं तेल. चार्जिंगचा प्लग ओल्या हातानं धरायचा नाही. वायर सोललेली दिसली की वापरायची नाही. डाल्यात माणसं बसवायची नाहीत, कितीही ओळखीची असली तरी. चढावर थांबलं की चाकाला दगड. (हे मला येतं!)

"आणि ताई, गाडीला आंघोळ घालू नका. पाइप नको, बादली नको. ओलं फडकं घट्ट पिळून पुसायचं. झाकणाच्या आत तर पाण्याचा थेंब नको."

नीलाबाई उभ्या होत्या. माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "आयकलं ना?" जसं काही मी रोज तिला नदीवर नेते.

मामाजी ओट्यावर बसून तंबाखू मळत होते. एवढ्या लांबून त्यांना काही ऐकू येत नाही. पण झाकण उघडलं तेव्हा उठून आले, मान घालून आत पाहिलं, आणि दीपालीला एकच विचारलं.

"हिले ताप येते का?"

"जास्त ओझं भरलं तर येतो ना बाबा. मोटर गरम होते."

"हं," म्हणाले आणि परत जाऊन बसले.

२१ ऑगस्ट, गुरुवार

उद्या पोळा. संध्याकाळी घरोघर बैलांची खांदशेक. वर्षभर जू वाहून दुखलेल्या खांद्यांना हळद आणि तूप चोळतात, आणि कानाशी सांगतात, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. भिंतीपलीकडून लहानूभाऊंचा आवाज येत होता. आमचं अंगण गप्प. या घरात बैल नसलेला हा पहिला पोळा.

मामाजींनी वाटीत तूप आणि हळद मागितली. गुडघे दुखतात म्हणाले. मी चांगली मोठी वाटी भरून दिली. बिचारे.

गडचांदूरहून यांचा फोन आला. सिमेंट कंपनीत सुट्टी नाही, पोळ्याला येत नाहीत. म्हणाले, "बाबाकडे ध्यान ठेव." ठेवून राह्यली ना बापा!

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा

सकाळी प्रफुल आला. तोरणापाशी साउंड बॉक्स न्यायचा होता, गाडी मागत होता. मी हो म्हणणार तेवढ्यात मामाजी आतून म्हणाले, "पोळ्याच्या दिवशी जुंपत नसतात." प्रफुल हसायला लागला. मला पण हसू आलं, पण गाडी दिली नाही. चार्जिंगचा प्लग काढला, गाडीवर ताडपत्री टाकली, चावी खुंटीला अडकवली आणि बायकांबरोबर नाल्यावर धुणं घेऊन गेले.

आले तर अंगण ओलं चिंब. मामाजींनी सडा टाकला होता. आजवर त्यांनी झाडूला हात लावला नाही! मी पुरणाच्या पोळीवर जास्तीचं तूप वाढलं. मन लावून जेवले. एक पोळी वेगळी मागून घेतली आणि कुठंतरी घेऊन गेले. चांद्याच्या आठवणीनं गाईला घालायला असेल.

संध्याकाळी तोरणाखाली बैल उभे राहिले. लहानूभाऊंनी झडती, पोळ्यातलं चिमटे काढणारं गाणं, म्हटली, माझ्यावरच.

"चारा नाई खात, ढेप नाई खात,
रंभाबाईची गाडी वीज पिऊन जात!"

सगळं गाव हसलं. मामाजींकडे पाहिलं तर तेही हसत होते. किती दिवसांनी.

२३ ऑगस्ट, शनिवार

गाडी मेली.

चावी फिरवली – काचेवर लाल खूण, आणि काही नाही. भाजीच्या टोपल्या अंगणात तशाच. नीलाबाई आल्या, प्रफुल आला. त्यानं वाकून खाली पाहिलं, बोट लावलं.

"ओली आहे मामी."

"रंभा, धुतली का तू?"

"नाही."

"पोळा होता म्हणून धुतली असशीन. दीपालीनं सांगितलं होतं ना?"

"नाही धुतली म्हणते ना!"

कोणाला पटलं नाही. मलाही कोणी म्हटलं असतं तर पटलं नसतं. भाजी प्रफुलनं ट्रॅक्टरवर नेली. सोमवारी दीपाली येईल, तेव्हाच चावीचा निकाल.

ही ओली झाली कशी? मी सांगू का कशी? काल गाडी दिली नाही म्हणून कोणाच्या तरी पोटात दुखलं. आणि पाणी कुठं आहे हे त्यालाच बरं पहिल्यांदा दिसलं!

२४ ऑगस्ट, रविवार

दीपालीला फोन केला. म्हणाली, चावी फिरवून बघू नका, चार्जिंगला अजिबात लावू नका, मेन स्विच बंद करा, झाकण उघडं ठेवून सावलीत वाळू द्या. झाकण उघडलं, पण अंधारात आत काही दिसलं नाही. हातही घातला नाही.

मामाजी जेवले नाहीत. म्हणाले भूक नाही. दोनदा कोठ्याच्या दारापर्यंत जाऊन परत आले.

"बरी होईन का ते?"

"होईल. तुम्हाला काय एवढं तिचं?"

वाकडं बोलले. प्रफुलचा राग त्यांच्यावर काढला.

२५ ऑगस्ट, सोमवार

दीपालीनं टॉर्च लावून आत पाहिलं. कनेक्शनमध्ये पाणी. एकेक सोडवून गरम हवेनं वाळवायला लागली. मी शेजारी, दिवा धरून. बाहेर अंगणात नीलाबाई, प्रफुल, गटाच्या बायका.

मग तिचा हात थांबला. आतल्या दोन्ही बाजूंच्या लोखंडी पट्ट्यांवर पिवळं, जाड काहीतरी लावलेलं. तिनं बोटावर घेतलं, वास घेतला.

"ताई, हे ग्रीस नाही. तूप आहे. आणि हळद."

दोन्ही बाजूंना. खांद्यांना. आणि मेन स्विचच्या पेटीवर, वाळून कडक झालेली, पुरणाची पोळी.

ओलं अंगण, मोठी वाटी, गुडघे – सगळं डोळ्यांपुढं आलं. दीपाली हळूच म्हणाली, "प्लग लावलेला असता ना ताई, तर गाडी राहिली बाजूला, धुणारा माणूसच..." प्लग मी काढला होता. मी काढला होता, हे मनात पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. रागाला जागाच उरली नाही.

गाडी सुरू झाली. बाहेर आलो तर नीलाबाईंनी विचारलं, "काय झालं होतं?"

"पाणी गेलं होतं," दीपालीनं सांगितलं आणि माझ्याकडे पाहिलं.

मामाजी ओट्यावर, पायांकडे बघत बसलेले. एवढ्या बायकांपुढं काय सांगू? की म्हाताऱ्यानं बैल म्हणून गाडीला न्हाऊ घातलं? उद्या पोरं झडत्या म्हणतील.

"मीच धुतली," मी म्हटलं.

चावी प्रफुलकडे गेली. त्यानं घेताना मान खाली घातली. चांगला आहे पोरगा. मी त्याच्यावर काय काय संशय घेतला! भिंतीपलीकडून लहानूभाऊ हळूच म्हणाले, "त्या दिवशी म्हातारा कोठ्यात आवतन देऊन राह्यला होता. मले वाटलं पाखऱ्याले आठवून राह्यला." मग मी घरात आले आणि खूप रडले. चावीसाठीच रडले, खोटं कशाला बोलू.

२६ ऑगस्ट, मंगळवार

प्रफुल गाडी घेऊन गेला. नीट चालवतो, मेला. मामाजी सकाळपासून घरी नाहीत.

२७ ऑगस्ट, बुधवार

पाखऱ्याच्या घंटीनं जाग आली. ती घंटी उन्हाळ्यापासून मी ऐकली नव्हती. धावत कोठ्यात गेले. गाडी जागेवर, बाजूच्या आरशाच्या दांड्याला घंटी बांधलेली, आणि शेजारच्या सीटवर मामाजी, पटका बांधून, खांद्यावर पिळलेलं फडकं. खिडकीतून काठी बाहेर काढून घंटी वाजवत होते. चावी माझ्यापुढं धरली.

"नीलाले सांगून आलो. म्हटलं, माह्या बैलाले मी धुतलो, माह्या सुनेची चावी काऊन घेता? परफुलनं लगेच काढून देल्ली. बस. चिमूरले जाऊ."

मी बसले. पुढं. चावी फिरवणार तोच त्यांनी माझा हात धरला.

"थांब. आधी पाह्य, पोट भरलं का त्याचं?"