पाच दिवसांचं औषध

१२ मे, मंगळवार

मिनल सकाळपासून अकरा वेळा शू करून आली. दर वेळी थेंबभर, दर वेळी रडत. पाच वर्षांची नात, सुट्टीला आमच्याकडे. आई पुण्यात नोकरीवर. आजीने, म्हणजे प्रेमिलाने, पोळ्या लाटता लाटता निदान केलं — 'उन्हाळी लागली पोरीले.' शेजारच्या बापूजींचा कुंपणावरून दुजोरा — 'धने-जिऱ्याचं पाणी पाजा गा! मे महिना होय, जळणारच!' एक शब्द सापडला की आमच्या लोकांची विचारातून सुटका. उन्हाळा, म्हणून उन्हाळी. डिसेंबरात जळजळ झाली तर काय हिवाळी अधिवेशन म्हणणार?

१३ मे

मनीषनगरातला नवा दवाखाना. डॉक्टर नूपुर, वय जेमतेम तीस, भिंतीवर जिराफ. जिराफ पाहूनच माझा निम्मा विश्वास उडाला. लघवी तपासायची म्हणून मिनलच्या हाती डबी दिली, तर — 'सगळे बघतायत! मला नाही येत!' शेवटी प्रेमिलाने नळ सोडला, तेव्हा आली.

मूत्रमार्गात जंतू. 'ताप नाही, उलट्या नाहीत. पाच दिवस औषध, दोन वेळा. नंतर बंद. उरलेलं फेकून द्या.'

'पाचच? दहा नको?'

'पूर्वी द्यायचो, काका. अशा मुलांना पाच पुरतात, हे आता दिसलंय. उगाच वाढवलं की पोट बिघडतं आणि जंतू शहाणे होतात.'

जंतू शहाणे होतात! या शहरात तेवढेच व्हायचे राहिले होते.

१४ मे

औषध कालपासून चालू. प्रेमिला चोरून सब्जाही पाजते. पुरावा मिनलच्या दातांत.

१५ मे

जळजळ गेली. जंतूंचा पक्का रिपोर्टही आला — चालू आहे तेच औषध लागू. लगेच प्रेमिला — 'बरी झाली ना, आता काहून पाजून राहिले?' ही ती जमात! दोन दिवसांत बरं वाटलं की बाटली कपाटात, पुढच्या पाहुण्याच्या तापासाठी. 'कोर्स पूर्ण करा' म्हणून मी यांच्यावर पेपरातल्या माझ्या सदरातून तीनदा कोरडे ओढलेत. वाचतं कोण? बापूजी माझ्या सदरावर शेंगा सोलतात.

१७ मे, रविवार

पाच दिवस झाले. दुसरी बाटली अर्ध्याहून जास्त शिल्लक. आणि म्हणे फेका! ज्या देशाला मी 'औषध मध्येच सोडू नका' म्हणून झोडपलं, त्याला आता ही जिराफवाली सोडा म्हणून सांगणार? बाटलीत औषध आहे तोवर कोर्स आहे — एवढं शेंबड्या पोरालाही कळतं. बाटली फ्रिजमध्ये कोथिंबिरीच्या मागे ठेवली.

१८ मे

'आबा, औषध संपलं ना?'

'आपलं गुपित. आजीला सांगायचं नाही.'

फार खूश झाली.

१९ मे

मिनलला जुलाब. चारदा.

२० मे

आज नऊदा. प्रेमिला म्हणाली, 'रस बाधला वाटते.' मी म्हणालो, 'वाटते कसलं? वाट्याच्या वाट्या पाजल्यास! अक्कल नाही!' बापूजींनाही ऐकू गेलं असेल. बिचारीने उरलेला सगळा रस मोरीत ओतला. बायकांना तोंडाने सांगून कळत नाही.

औषध मात्र मी चुकवलं नाही. दोन्ही वेळा. बाटली आज संपली.

२१ मे

सकाळी मिनल उभी राहीना. डोळे आत गेलेले. दवाखान्यात सलाइन लावलं. सुई टोचताना रडलीसुद्धा नाही, तेवढं बळच नव्हतं.

डॉक्टरने विचारलं, 'काकू, औषध पाच दिवसांनी बंद केलं होतं ना?'

'हो वं पोरी. यांचं फार कडक असते, एक दिवस इकडचा तिकडे नाही होऊ देत. माझंच चुकलं, रस पाजला मी.'

मिनलने माझ्याकडे पाहिलं. ओठ घट्ट मिटून घेतले.

'आठ दिवस,' मी म्हणालो. 'मी दिलं.'

मिनलची चड्डी पुन्हा भरली होती, प्रेमिला ती बदलत राहिली.