झिरीवालीची भिंत

माय, आज मी एक आख्खी भिंत गिलावली. फरशीपासून छतापर्यंत, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, सगळी माझ्या एकटीच्या हातानं. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आठवायचा तर आधी तुझं एखादं रागावणं आठवावं लागतं, मग त्याच्या पाठोपाठ आवाज येतो. पण आजचं हे सांगायला मला दुसरं कुणी सुचत नाही. घरात सांगितलं तर म्हणतील, बरं झालं, चल आता जेवून घे. म्हणून जेवणाआधीच लिहायला बसले आहे. सिमेंटनं बोटं खरखरीत झाली आहेत, पेन नीट धरवत नाही, अक्षर वेडंवाकडं येतं आहे. तुला वाचता येत नव्हतं, तेव्हा अक्षराची तक्रार तरी तू करणार नाहीस.

तुझ्या वेळी आपण नव्या घरांच्या कामावर जायचो. आता माझं बहुतेक काम जुन्या घरांत असतं. नागपुरात आता कूलरवर कुणाचं भागत नाही, प्रत्येकाला खोलीखोलीत एसी हवा, आणि जुनी वायरिंग तो भार घेत नाही. मग वायरमन येतो, गिलाव्याच्या चांगल्या भिंतीत कटरनं दोन बोटं रुंद खाच कापतो, तिच्यात नळी बसवतो, वायरी ओढतो आणि जातो. घरभर लाल धूळ आणि भिंतीभर या झिरी. घरच्या बाईला रडू यायचं तेवढं बाकी असतं. तेव्हा मला बोलावतात. वायरमन लोकांच्या फोनमध्ये माझं नाव ‘झिरीवाली बाई’ असं आहे. काम मी तुझ्याच पद्धतीनं करते. आधी झिरीतली धूळ झाडायची, भिंतीला पोटभर पाणी पाजायचं, पहिल्या दिवशी थोडी खोल ठेवून भरायची, दुसऱ्या दिवशी वर जाळीची पट्टी लावून भिंतीच्या बरोबरीला आणायची, आणि मग दिवसातून जितक्यांदा जमेल तितक्यांदा पाणी मारायचं. माझी झिरी रंग दिल्यावर कुणाला सापडत नाही. हे मी फुशारकीनं सांगते आहे, सांगू दे.

पहिली झिरी मात्र सापडली होती. आपण कन्हानला त्या क्वार्टरच्या कामावर होतो, मी सोळा वर्षांची, शाळा सुटलेली. तू मला दरवाज्यामागची एक झिरी भरायला दिलीस. तुझ्यापेक्षा पक्की करून दाखवायची म्हणून मी मालात सिमेंट मनसोक्त घातलं. दोनतीन दिवसांत झिरीच्या दोन्ही काठांनी केसाएवढी भेग पडली, वरपासून खालपर्यंत. तू नखानं ती भेग चाचपलीस आणि सगळ्यांसमोर म्हणालीस, “काहून वं, सिमेंट जास्त टाकलं म्हंजे काम चांगलं झालं का? भिंत जेवढी कडक, तेवढाच माल कडक पाहिजे. जास्त झाला की तो भिंतीसंगं राहत नाही, वेगळा होते.” मग छिन्नी हातात देऊन सगळी उकरून काढायला लावलीस. मी उकरते आहे, डोळ्यांत धूळ जाते आहे, आणि तू मागं उभी राहून म्हणते आहेस, “नळी नको फोडू.” तेवढंच. धीराचा एक शब्द नाही.

साइटवरच्या बाईनं घमेली वाहायची, रेती चाळायची, भिंतीवर पाणी मारायचं. गिलाव्याची थापी धरायची ती मिस्त्रीनं. असा नियम कुठं लिहिलेला नाही, पण कुणी मोडतही नाही. झिरीचं तेवढं निराळं होतं. मिस्त्री आपली भिंत घोटून पुढच्या खोलीत गेलेला असायचा, आणि वायरमननं कापलेल्या दोन बोटांच्या खाचेसाठी परत यायला त्याला कमीपणा वाटायचा. ते उरलंसुरलं काम तुझ्याकडं आलं आणि त्याच्यासोबत थापीही आली. एकदा तू मोठ्या मिस्त्रीला म्हणालीस, “मागची एक भिंत माह्या हातानं होऊ द्या.” तो म्हणाला, “बाईनं गिलावा केला हे समजलं तं घरमालक घरात पाय ठेवन का?” सगळे हसले. आणि माय, तूही हसलीस. त्या हसण्याचा मला आजही राग येतो. घरी येताना बसमध्ये मी विचारलं, “तू काहून हसली?” तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, “आपली झिरी आपल्यापाशी हाय नं. भिंत त्याहिची राहू दे.” पुढच्याच हप्त्यात तू माझ्यासाठी लोहाराकडून एक जुनी थापी दोन्ही बाजूंनी कापून आणलीस, बरोबर झिरीत जाईल एवढी. तेव्हा मी ती उशाशी घेऊन झोपले होते. पुढं वयानं मोठी झाल्यावर मनात यायचं, देऊन देऊन मायनं मला झिरीएवढीच थापी दिली.

आता लकडगंजचं ऐक. लाकडाच्या वखारींच्या मागं एका काकूंचं जुनं घर आहे, तिथं वायरिंग चालली होती. काल हॉलच्या पश्चिमेच्या भिंतीला कटर लागलं आणि गिलावा लादीच्या लादी खाली आला. ठोकून पाहिलं तर सगळी भिंत पोकळ वाजते. वायरमननं आणि मी मिळून ती विटांपर्यंत सोलून काढली. तो हात झटकत म्हणाला, “ताई, हे आता तुमचं काम नाही राहिलं. मिस्त्रीले फोन लावतो.” मी म्हटलं, “थांबा भाऊ. मी करते.” काकू दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “बाई, तुम्ही झिरी छानच भरता, त्यात काही म्हणणं नाही. पण ही हॉलची भिंत आहे. आले-गेले सगळे इथंच बसतात.” मी म्हटलं, “नाही आवडली तर मीच खरवडून काढीन, मग बोलवा मिस्त्री. पण आधी मी.” तोंडातून निघून गेलं आणि मग डोक्यात हिशेब सुरू झाला. आपली कामं एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या कानात जाऊन मिळतात. भिंत बिघडली असती तर ते शहरभर झालं असतं, झिरीही हातातून गेल्या असत्या. पण नाही म्हटलं असतं तर जन्मभर झिरीवालीच राहिले असते. काकू आत येऊन उघड्या विटांपाशी उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “करा.”

संध्याकाळीच मी भिंतीतल्या झिरी भरल्या, विटांवर पाणी मारलं आणि येताना पूर्ण मापाची नवी थापी घेतली. आज सकाळी मजुरांच्या ठिय्यावरून माल कालवायला एक माणूस आणला. त्यानं रेती ओतली, इकडंतिकडं पाहिलं आणि विचारलं, “मिस्त्री कुठं हाय?” मी म्हटलं, “मीच.” तो म्हणाला, “बाईच्या हाताखाली म्या काम नाही करत,” आणि चप्पल घालून चालू लागला. मी त्याला थांबवलं नाही. घमेलं वाहायला मला काय कुणी शिकवायला पाहिजे? माल मीच कालवला, मीच वाहिला. ओळंबा सोडून, जाडी सारखी राहावी म्हणून चार ठिकाणी मालाचे ठिपके लावले आणि सुरुवात केली.

आणि माय, पहिला थर सगळा खाली आला. मी माल भिंतीवर दाबत होते. इतकी वर्षं झिरीत माल दाबूनच बसवला, हाताला दुसरं माहीतच नाही. झिरीला दोन्ही बाजूंनी काठ असतात, ती धरून ठेवते. उघड्या भिंतीवर दाबलेल्या मालाला थोड्या वेळानं पोट सुटलं आणि हातभर रुंदीचा लगदा माझ्या पायावर पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला. वायरमन शिडीवर बसून बोर्ड जोडत होता. हळूच म्हणाला, “ताई, अजून बी फोन लावतो मी. कोणाले काही समजत नाही.” त्याच्या मनात वाईट नव्हतं. मी म्हटलं, “नको.” राग इतका आला होता की रडू फुटेल असं वाटलं. राग त्याचा नाही, तुझा. तू मला सगळं शिकवलंस आणि हेच तेवढं नाही शिकवलंस.

पायातला माल उचलायला मी खाली वाकले आणि वाकलेली असतानाच मला तू दिसलीस. कन्हानचीच साइट, दुपारची सुट्टी. मिस्त्री लोक जेवून बाभळीखाली आडवे झाले आहेत. मी पाण्याची बादली घेऊन मागच्या खोलीत येते, तर तू अर्धवट भिंतीसमोर उभी. थापीवर माल घेतेस, मनगट वळवतेस आणि फेकतेस. फट्. माल विटांना चिकटून बसतो, पसरतो, हलत नाही. तू मान तिरकी करून त्याच्याकडं बघतेस. मग सगळा खरवडून परत घमेल्यात घालतेस, भिंतीवरचा डाग ओल्या फडक्यानं पुसतेस. मी विचारते, “काय करून राहिली माय?” तू दचकत नाहीस. म्हणतेस, “काही नाही वं. माल पाहून राहिली.” मला ते खरं वाटलं होतं. आज कळलं की इतकं साफ फेकणं पहिल्या दुसऱ्या दिवशी जमत नाही. किती दुपारी तू हे केलं असशील, आणि किती भिंती आपल्या हातानं पुसून टाकल्या असशील. बसमध्ये मात्र मला म्हणालीस, भिंत त्याहिची राहू दे.

मी उभी राहिले आणि फेकला. पहिला अर्धा अंगावर उडाला. दुसरा बसला. तिसऱ्यापासून मनगटाला समजलं, आणि मग मी थांबलेच नाही. दुपारपर्यंत अर्धी भिंत झाली. वायरमन केव्हा शिडीवरून उतरला ते कळलं नाही. पाहते तर तो घमेलं घेऊन शेजारी उभा. अर्धंच घमेलं भरून आणायचा आणि धापा मात्र दोन घमेल्यांच्या टाकायचा. मी म्हटलं, “भाऊ, असं वाहिलं तं दिवाळी येईन.” तो हसला आणि पुढचं काठोकाठ भरून आणलं. सपाटीची पट्टी ओढली, खळगे भरले, गुरमाळ्यानं भिंत घोटून गुळगुळीत केली. डाव्या कोपऱ्यात वर जरा लाट राहिली आहे. उजेड आडवा पडला की मला दिसते, दुसऱ्या कुणाला दिसणार नाही. पुढच्या भिंतीत तीही राहू देणार नाही.

निघताना काकूंनी चहा दिला. भिंतीला हात न लावता, अगदी जवळ जाऊन, त्यांनी ती या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. डाव्या कोपऱ्यापाशी थांबल्या तेव्हा मला ती लाट आणखीच मोठी दिसली. पण वळून एवढंच म्हणाल्या, “मागच्या खोलीची भिंतही अशीच पोकळ वाजते. तीही तुम्हीच करा.” मी हो म्हटलं. मग त्यांनी विचारलं, “कोणाजवळ शिकल्या हो तुम्ही?” वायरमनही माझ्याकडं बघत होता.

हा कागद कुठं धाडायचा नाही हे मला कळतं. जेवायची हाक दोनदा येऊन गेली, आता घडी घालून ठेवते. एवढं सांगायचं राहिलं. मी कप खाली ठेवला आणि म्हटलं, “माझी माय मिस्त्री होती. तिच्या हाताखाली शिकले.” तुला जन्मात कुणी मिस्त्री म्हटलं नाही, हे मला माहीत आहे. मी सरळ खोटं बोलले, माय. मागच्या खोलीच्या वेळी विचारलं, तरी हेच सांगणार आहे.